अडलेला घास आणि मानेचा मणका

जेवणे उरकतात, ताटे उचलली जातात आणि आजोबांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहिलेली असते. 'भूक नव्हती,' ते म्हणतात. महिन्याभराने भाकरीच्या जागी दुधात कुस्करलेली पोळी येते, मग मऊ भात आणि शेवटी नुसती पेज. घरची माणसे म्हणतात, वय झाले. आजोबांनाही तसेच वाटते. चारचौघांत घास अडला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले की संकोच वाटतो. त्यापेक्षा कमी खाल्लेले बरे! थोड्याफार फरकाने अनेक घरांत घडणारी ही गोष्ट. तिच्यामागे कारणे अनेक असतात. त्यांतले एक मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे मानेचा मणका.

घसा दुखला तर आपण एका डॉक्टरांकडे जातो, मान दुखली तर दुसऱ्या. शरीरात मात्र अशी वाटणी नाही. घशाची मागची भिंत मानेच्या मणक्यांना जवळजवळ टेकलेली असते. मध्ये असतो तो काही मिलिमीटर जाडीचा मऊ थर. मानेत सात मणके. घसा संपून अन्ननलिका सुरू होते ती जागा साधारण सहाव्या मणक्यासमोर येते.

आता घास गिळताना काय होते ते पाहा. जीभ घास मागे ढकलते, कंठ वर आणि पुढे उचलला जातो, श्वासनलिकेवरचे झाकण मागे कलते आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे साधारण एका सेकंदात! एवढ्या हालचालीला मोकळी जागा हवी. मणक्यातून पुढच्या बाजूला हाड वाढले, तर ती जागाच कमी होते. वाढ तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी असेल, तर झाकणाला नीट कलता येत नाही आणि अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. ती पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी असेल, तर अन्ननलिकेच्या तोंडाशीच अडथळा उभा राहतो.

हाडाची अशी वाढ नुसत्या झिजेनेही होते. पण एका आजारात ती फारच मोठी असते. फोरेस्तिए आणि रोतेस-केरोल या दोन डॉक्टरांनी १९५० साली त्याचे वर्णन केले. मणक्यांच्या पुढच्या बाजूने जाणारा लांब पट्टा हळूहळू हाडाचा बनतो. क्ष-किरण चित्रात तो मेणबत्तीवरून ओघळलेल्या मेणासारखा दिसतो. पन्नाशीनंतर, पुरुषांत अधिक आणि मधुमेह वा स्थूलपणा असणाऱ्यांत विशेष आढळणारा हा आजार. पुष्कळांना पाठ-मान आखडण्यापलीकडे त्याचा पत्ताही लागत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. उतारवयात मानेचे चित्र काढले तर हाड थोडेफार वाढलेले दिसतेच, आणि त्यांतल्या बहुतेकांना गिळण्याचा काहीही त्रास नसतो. म्हणून हाड दिसले की कारण सापडले, असे समजून स्वस्थ बसू नये. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी पोखरलेल्या आपल्या समाजात तर घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. अर्धांगवायू, कंपवात यांतही गिळणे बिघडते. दुर्बिणीने घसा तपासणे आणि बेरियमचे औषध पाजून गिळण्याचे चलत्-चित्र घेणे, या तपासण्यांतून बराच उलगडा होतो. दुर्बीण घालण्यापूर्वी मानेच्या दुखण्याची कल्पना डॉक्टरांना अवश्य द्यावी.

दोष हाडाचाच निघाला, तरी प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असे नाही. ताठ बसून जेवणे, लहान घास, मऊ अन्न, सूज उतरवणारी औषधे आणि तज्ज्ञांनी शिकवलेले गिळण्याचे व्यायाम यांवर अनेकांचे भागते. वजन घटत चालले किंवा अन्न फुप्फुसात जाऊन वारंवार न्यूमोनिया होऊ लागला, तर वाढलेले हाड काढून टाकण्याचा विचार करतात.

याची दुसरीही बाजू आहे. मानेच्या चकतीची शस्त्रक्रिया पुष्कळदा गळ्याच्या पुढून करतात. त्या वेळी अन्ननलिका बाजूला सारून धरावी लागते. त्यामुळे नंतर काही दिवस गिळताना त्रास होणे हे नेहमीचेच. बहुतेकांत तो काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. पण त्रास वाढत गेला किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. आणि शस्त्रक्रियेनंतर गळा सुजून श्वास कोंडू लागला, तर क्षणाचाही विलंब नको. मानेच्या पट्ट्याने हनुवटी वर उचलली गेली तरीही गिळणे अवघड होते. पट्टा आपल्या मनाने काढू नये, डॉक्टरांना विचारावे.

तेव्हा पुढच्या वेळी ताटात अर्धी भाकरी राहिली, तर 'जेवा की' असा आग्रह करण्याआधी जवळ बसून एवढेच विचारा: घट्ट घास अडतो की पाणी पितानाही ठसका लागतो? घट्टच अडत असेल तर वाटेत काही आडवे आले असावे. पाण्याने ठसका लागत असेल तर दोष नसांचा वा स्नायूंचा असण्याचा संभव अधिक. निदान डॉक्टरांनी करायचे. पण त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट या प्रश्नापासून सुरू होते, आणि तो विचारायला घरचेच माणूस लागते.