रेहेकुरीच्या गवतात

शनिवार आहे. काष्टीत बैलबाजार भरलाय. टेम्पोची मागची फळी खाली पडते, रंगवलेल्या शिंगांचा खोंड उतरायला तयार नाही. घुंगरं, आरडाओरडा, शेणाचा आणि उकळत्या चहाचा वास.

श्रीगोंद्याकडे निघावं तर पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन. ओव्हरटेकला जागा नाही, म्हणून त्यांच्याच चालीनं जायचं. दोन्ही हातांना ऊस. कर्जतच्या बाजूला तो विरळ होतो, ज्वारी लागते, आणि मग उघडा माळ.

रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य. नोंदवहीत नाव, गाव, वेळ. पायवाट मुरमाची. हिवर, बोर, बाभूळ, सगळी झाडं बुटकी, काटेरी. त्यांच्यामधून पिवळं गवत. कुसळं पॅंटमधून आत टोचतात. माळटिटवी ओरडत उठते.

‘‘हळू चाला, वारं त्यांच्याकडं चाललंय,’’ सोबतचे वनमजूर मामा सांगतात. आम्ही वळसा घालतो.

थांबायचं. ऊन मानेवर. पाणवठ्याकडे कुणी नाही. नुसती माती आणि उजेड. मग त्या मातीतच पाच-सहा माना वर होतात. पिवळसर तपकिरी माद्या. त्यांच्या मागून नर येतो, पाठ काळी, पोट पांढरं, शिंगांना मळसूत्रासारखे पीळ. तो बाभळीच्या फांदीपाशी येतो, डोळ्याखालची ग्रंथी काट्याच्या टोकाला घासतो. पुन्हा घासतो. हद्द सांगून झाली. तो गेल्यावर मामा जवळ नेऊन दाखवतात: टोकाला काळा चिकट ठिपका. खाली लेंड्यांचा ढीग, तोही हद्दीचाच.

निरीक्षण मनोऱ्यावरून अभयारण्याची पलीकडची कड दिसते. अवघं 2.17 चौरस किलोमीटर, 1980 साली राखलेलं. त्याच्या आदल्याच वर्षी सोलापूर-नगरचे माळ माळढोकासाठी राखले, तब्बल 8,496 चौरस किलोमीटर. ते पुढे 1,222 वर आलं. या टीचभर माळावर काळवीट मात्र टिकलं, कारण इथं गवत राहिलं. लांडगा लांबून दिसावा आणि पळायला मोकळी जागा असावी, एवढंच त्याचं मागणं. माळ दिसला की झाडं लावायला धावणाऱ्यांनी तासभर इथं उभं राहावं, असं फार वाटतं.

कळपाला आमची चाहूल लागते. एक मादी जागच्या जागी उंच उसळते. मग दुसरी. मग सगळाच कळप उड्या घेत बोरींच्या मागे जातो. धूळ तेवढी उरते.

बाहेर कडेलाच ज्वारीचं रान. काळविटांना हद्द कुठली? बांधावरचे बाबा शेंडे खुडलेली ताटं दाखवतात, ओल्या मातीत उमटलेले दुभंग खूर दाखवतात. गोफण खांद्यावर आहे, पण रात्री किती जागायचं? ‘‘त्यांनी तरी जायचं कुठं?’’ हेही तेच म्हणतात. भरपाईचा अर्ज दिलाय. पंचनामा व्हायचाय, म्हणून तेवढा पट्टा त्यांनी तसाच ठेवलाय.