दही, कॅप्सूल आणि रक्तातली साखर

इथे अमेरिकेत ओळखीच्या तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "प्रोबायोटिकच्या कॅप्सूलने शुगर खाली येते म्हणे, मग मेटफॉर्मिन बंद केली तर?" मी डॉक्टर नाही, आयटीवाला आहे. पण प्रश्नाचा दुसरा भाग ऐकून धास्ती वाटली, म्हणून वाचायला बसलो.

आधी पोटात काय होतं ते पाहू. डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं तयार होतात. ती आतड्यातल्या काही पेशींना जीएलपी-वन नावाचं हार्मोन सोडायला लावतात. हे हार्मोन जेवणानंतर स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेतं आणि जठर सावकाश रिकामं होऊ देतं. ओझेम्पिक याच हार्मोनची नक्कल करतं, अर्थात कितीतरी जास्त जोरात. प्रोबायोटिक म्हणजे बाहेरून घेतलेले उपयुक्त जिवंत जंतू. त्यांनी या कामाला हातभार लावावा अशी अपेक्षा असते. पण चोथाच नसेल तर ते आंबवणार काय? नुसता मैदा आणि कॅप्सूल, यात अर्थ नाही.

आता आकडे. टाइप २ मधुमेहावरचे बरेचसे प्रयोग लहान आणि दोन-तीन महिन्यांचे आहेत. ते एकत्र करून पाहिले तर एचबीएवनसीमधली घट सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. मेटफॉर्मिनने ती साधारण १ टक्का किंवा थोडी जास्त होते. म्हणजे जोड म्हणून ठीक, बदली म्हणून नाही. गोळी बंद केल्यावर वाढलेली साखर दुखत-खुपत नाही. डोळे आणि किडनी मात्र ती सोसत असतात.

मार्च २०२४ मध्ये एफडीएने योगर्टच्या डब्यावर एक दावा छापायला परवानगी दिली: आठवड्याला किमान २ कप खाल्ल्याने टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो. सोबत "मर्यादित पुराव्यानुसार" असंही लिहावं लागतं. आणि हे मधुमेह होण्याच्या धोक्याबद्दल आहे, झालेल्या मधुमेहाच्या उपचाराबद्दल नाही.

दुकानात डब्यावर जिवंत कल्चरचा उल्लेख आणि "अ‍ॅडेड शुगर" हे दोन्ही बघा. फळांच्या चवीच्या योगर्टमध्ये बऱ्याचदा भरपूर साखर असते. श्रीखंडाबद्दल बोलायलाच नको! इडली, ढोकळा आंबवलेले असले तरी वाफेत जंतू मरतात. कढी उकळली की तिथेही तेच. जंतू जिवंत हवेत तर साधं दही, ताक किंवा कोशिंबीर. घरच्या विरजणात कोणते जंतू किती, हे कुणी मोजलेलं नसतं, तरी मी महिन्याला तीस-चाळीस डॉलरच्या कॅप्सूलपेक्षा मूग-मटकीची उसळ आणि वाटीभर दही निवडेन. एमबीएचा हिशेब म्हणा हवं तर.

तरी कॅप्सूल घेऊन बघायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून आज एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा तपासा. मधल्या काळात औषध आणि जेवण तेच ठेवा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आमच्या धंद्यातही हाच नियम आहे.

केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयवरोपण झालेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूल घेऊ नयेत. त्यांच्या बाबतीत हे जंतू क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग होऊ शकतो.