नळीची निगा

दसऱ्याला बंदुकीवर हळदकुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच कपाटात ठेवतात. ओल्या बोटाने टेकवलेले कुंकू लोखंडावर राहिले, की त्याच्याखाली गंज धरतो. पूजा अवश्य करावी, पण त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवावा. अकोटच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो. रानडुकरे आणि रोही तिथून पिकात उतरतात, म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका या भागात आहेत. त्यांतल्या कित्येक बंदुका गोळ्या झाडून नव्हे, तर साफसफाईच्या चुकीच्या पद्धतीने खराब होतात.

ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू जळून पूर्ण वायू होत नाही. तिचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढतात. लोक वरून तेल ओततात, पण तेलात क्षार विरघळत नाहीत, ते तेलाखाली नळी खात राहतात. त्यांना पाणीच लागते. गरम पाण्याने नळी धुवावी, ते नळी तापवते आणि ती लवकर सुकते. मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतही पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मिठासारखाच क्षार उरतो, म्हणून .३०३ रायफलीच्या नळीत उकळते पाणी ओतण्याची रीत होती.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोटजवळच्या अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांशी लढली. तेव्हाच्या तोफांत दर बारानंतर काठीला गुंडाळलेला ओला बोळा फिरवावा लागे. आत ठिणगी राहिली, तर पुढची दारू भरणाऱ्याच्या हातातच पेटे. नळी पुसणे तेव्हा जिवाचे काम होते आणि आजही ते तितक्याच गांभीर्याने करावे.

आधी बंदूक रिकामी करावी. मॅगझीन काढावे, बोल्ट उघडावा, चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. ठासणीच्या बंदुकीत चेंबर उघडून पाहता येत नाही. तिची टोपी काढलेली असल्याची खात्री करून, तोंडासमोर हात किंवा चेहरा न आणता गज हलकेच आत सोडावा, टेकल्यावर नळीच्या तोंडापाशी गजावर खूण करावी आणि ती खूण तोंडाशी धरून गज नळीला बाहेरून लावून पाहावा. गजाचे टोक बुडापर्यंत पोचले नाही, तर आत बार आहे असे समजावे. तो घरी काढू नये, परवानाधारक कारागिराकडे न्यावा. जवळ चिमणी, उदबत्ती, बिडी नको. खिडकी उघडी असावी. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण नळीतल्या काळ्या मळात शिसे असते.

.३१५ रायफल बोल्टची असते. बोल्ट काढला की मागून सरळ नळी साफ करता येते आणि ती मागूनच करावी. पुढच्या तोंडाची कडा फार नाजूक असते. गज तिथे घासला की कडा एका बाजूला झिजते, गोळीमागचा वायू सारखा सुटत नाही आणि नेम सरकतो. गज एकसंध, पितळी किंवा आवरण चढवलेला, आणि नळीच्या मापाचा असावा. तुकडे जोडलेला लोखंडी गज सांध्यांवर वाकतो आणि आटे घासतो. सॉल्व्हंटची चिंधी, मग कांस्याच्या तारांचा ब्रश. ब्रश नळीच्या पार बाहेर काढूनच मागे घ्यावा, मधे उलटा फिरवला तर तारा वाकतात. मग चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवाव्यात. चिंधीवर हिरवट-निळा डाग दिसला, तर तो गोळीच्या आवरणाचे तांबे विरघळल्याचा. वरवर चकचकीत नळीतही ते असू शकते. जुन्या .३०३ च्या दस्त्यात दोरीचा पुलथ्रू आणि तेलाची पितळी कुपी असे. ती दोरी तिरकी ओढली, की तोंडाची हीच कडा झिजते.

शेवटी तेलाची चिंधी हलकीच फिरवावी, तेल ओतू नये. पुढे गोळी झाडण्याआधी बोल्ट काढून कोरडी चिंधी फिरवावी आणि बुडाकडून उजेडात नळी आरपार पाहावी. कापडाचा तुकडा, साचलेले तेल किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर आत राहिले, तर दाब कोंडून नळी फुटू शकते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. जमा करण्याआधी तेलाचा हात द्यावा आणि परत मिळाल्यावर ही तपासणी त्याच दिवशी करावी.