वैमानिक व्हायचंय (भाग ४) : फी नको, आधी तास विचारा

मागच्या आठवड्यात वैद्यकीय तपासणी आणि बारावीला भौतिकशास्त्र-गणित असण्याची अट पाहिली. हे दोन्ही जमलं की घरात पहिला प्रश्न निघतो, फी कुठं कमी आहे? फटाके बनवणाऱ्या आपल्या तेरखेड्यात तो निघणारच. दिवाळीला फटाके किती खपले आणि सोयाबीनला भाव काय मिळाला, यावर जिथं वर्ष ठरतं, तिथं पन्नास लाखांच्या घरातली रक्कम म्हणजे जमीन विकणं किंवा गहाण टाकणं. म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे की, फीच्या आधी २०० तास पुरे व्हायला किती महिने लागतात, ते विचारा.

व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, किमान २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी तुमच्या एकट्यावर. आता हिशेब मांडू. एक विमान दिवसाला सरासरी चार तास उडालं आणि वर्षातले अडीचशे दिवस हवेत गेलं, तर १००० तास झाले, म्हणजे पाच विद्यार्थ्यांचे २०० तास. एका विमानामागे दहा विद्यार्थी असतील तर दोन वर्षं लागणार, मग माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो. लांबलेल्या प्रत्येक महिन्याला खोलीभाडं, मेस आणि बँकेचं व्याज चालूच राहतं. कमी फीची संस्था अशी महाग पडते.

हँगरमध्ये उभी असलेली विमानं मोजून मात्र फसू नका. त्यातली आज उडणारी किती, ते विचारा. दर ५० आणि १०० तासांनी तपासणी करावी लागते. ती करणारे इंजिनिअर तिथंच असतील तर विमान लवकर परत येतं, नाहीतर सुट्या भागाची वाट पाहत उभं राहतं. प्रशिक्षक किती आहेत आणि गेल्या वर्षभरात किती सोडून गेले, हेही विचारायला लाजू नका.

आपल्याकडून पाहायला जाणं अवघड नाही. तेरखेड्यावरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग धरला की थेट धुळे. तिथं शिकवणारा बॉम्बे फ्लाइंग क्लब मूळचा मुंबईचा, १९२८चा. १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी परवाना मिळवला तो याच क्लबात शिकून. जुहूच्या आकाशात गर्दी वाढली आणि क्लबचं उड्डाण-शिक्षण धुळ्याला आलं. बारामतीही जवळ आहे. विदर्भात गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंजची सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी (इग्रुआ) प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडते. हवामानानंही उड्डाणाचे दिवस बुडतात, तेही पाहा. फुरसतगंजला हिवाळ्यात धुकं पडतं, गोंदियाला पावसाळा जोरदार असतो, तर बारामती पर्जन्यछायेत येते. धाराशिवलाही धावपट्टी आहे, पण जवळची आहे एवढ्यावर निर्णय घेऊ नये.

जाल तेव्हा कामाच्या दिवशी सकाळी जा. पहिल्या फेरीआधी विद्यार्थी सेस्ना विमानाच्या पंखाखाली वाकून टाकीतलं थोडं इंधन पारदर्शक नळीत काढतात आणि उजेडाला धरतात. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचं. हे काम कुणी घाईत उरकतंय का आणि प्रशिक्षक शेजारी उभा राहून पाहतोय का, तेवढं बघा. दारूकामातल्या घरांना सुरक्षेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तिथं बेफिकिरी दिसली तर फी निम्मी असली तरी परत या.

परदेशाचा पर्याय खराब नाही. अमेरिकेत तास लवकर भरतात, हवामानही साथ देतं. पण परत आल्यावर हवाई मार्गक्रमण, हवामानशास्त्र, नियम या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) परीक्षा द्याव्याच लागतात आणि परवाना इकडचा करून घ्यावा लागतो. प्रत्येक विषयात ७० टक्के लागतात. तो वेळ आणि खर्च धरूनच तुलना करा. २०० तासांनंतर एअरबस किंवा बोइंगसारख्या विमानाचं स्वतंत्र प्रशिक्षण असतं, त्याचे लाखो रुपये वेगळे.

पैसे एकरकमी भरू नका. एकरकमी भरल्यास सवलत, असं सांगितलं तरीही नाही. तासांच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते ठरवा आणि अर्ध्यातून सोडल्यास किती परत मिळतील ते लेखी घ्या. डीजीसीए आता प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी लावते, ती पाहाच. पण तिथं आत्ता शिकणाऱ्या दोन-तीन मुलांना गाठून लॉगबुक दाखवायला सांगा. दाखल झाल्याची तारीख आणि आजवरचे एकूण तास शेजारी लिहून घ्या. एका मुलाचं उत्तर पुरणार नाही, निदान तिघांचं जुळलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात : शैक्षणिक कर्ज, तारण आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती.