पदपथाची मोजणी

रविवार, सकाळचे सात वाजताहेत. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यानापाशी एकेक जण जमतोय. ऑगस्ट संपत आलाय. रात्री पाऊस पडून गेलाय, झाडांवरून अजून थेंब ठिबकताहेत. काकू सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसल्यात. काठी शेजारी टेकवलेली, मांडीवर जाड वही. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, आलेल्याचं नाव लिहून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रस्ते आणि पूल बांधण्यात उभी नोकरी घालवलेले सर पाच मीटरची टेप खिशातून काढून ठेवतात. आर्किटेक्चरला असलेली मुलगी छापलेले तक्ते वाटते. सगळ्यात शेवटी रिक्षा थांबते. रिक्षावाला मागची घडीची व्हीलचेअर काढून उघडतो आणि दादा सरावाने तिच्यात बसतो. तो एका बँकेत काम करतो. आजच्या मोजणीत टेपइतकाच त्याच्या खुर्चीवर आमचा भरवसा आहे.

मोजणी इथून सुरू करायची, हा सरांचा आग्रह. आधी चांगलं मोजा, म्हणजे वाईट किती वाईट ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. मुलगी टेपचं टोक धरते, सर मागे सरकत जातात. चालायची पट्टी निखळ मोकळी आहे. बाकं, झाडं, दिव्याचे खांब एका बाजूच्या वेगळ्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे चालणाऱ्याला त्यांना वळसा घालावा लागत नाही. झाडं होती तिथेच ठेवून फरशी त्यांच्याभोवती फिरवली आहे. एक आजोबा नातवाला घसरगुंडीवर चढवताहेत. रात्रपाळी संपवून निघालेला एक सुरक्षारक्षक बाकावर बसून डबा खातोय. दादा एकटाच पुढे निघतो, हाताने चाकं ढकलत. पन्नास पावलांवर जाऊन वळतो आणि ओरडून सांगतो, "एकदाही थांबलो नाही!"

हे आपोआप झालेलं नाही. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारलं आणि शहरातल्या रस्त्यांची रचना कशी असावी याची मार्गदर्शक तत्त्वंही ठरवली. त्या आधीची कित्येक वर्षं 'परिसर' आणि 'पेडेस्ट्रियन्स फर्स्ट'सारख्या संस्थांची माणसं पत्रं, निवेदनं, नकाशे घेऊन कार्यालयांचे जिने चढत होती. मग हा रस्ता नव्याने आखला गेला. वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी तो आखला, आणि पुण्याला २०२० चा 'सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट अवॉर्ड' मिळाला तेव्हा अशाच रस्त्यांचे फोटो जगभर गेले. पुण्याला हे जमतं, याचा पुरावा आमच्या पायाखाली आहे. म्हणूनच पुढे जे दिसणार आहे ते मला जास्त लागतं.

लकडी पुलावरून आम्ही पेठांकडे निघतो. नदीला पाणी आहे, पुलावर वारा सुटलाय. पूल उतरल्यावर मोठा चौक लागतो. इथे सर घड्याळ काढतात. सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हणजे अठरा मीटर रुंदीचा रस्ता पंधरा सेकंदांत पार व्हायला हवा. हिरवा दिवा लागतो. मुलगी आणि मी सहज पलीकडे जातो. दादा पांढऱ्या पट्ट्यांवर येऊन उभ्या राहिलेल्या दोन मोटारींच्या मधून वाट काढतो. काकू मध्यावर पोचतात आणि तेवढ्यात दिवा बदलतो. डावीकडून दुचाकींचा लोंढा सुटतो. काकू थांबत नाहीत. काठी आडवी धरतात आणि समोर बघत सरळ चालत राहतात. दुचाकी त्यांच्या दोन्ही बाजूंनी जातात. पलीकडे आल्यावर त्यांचा हात थरथरतोय, पण पहिलं वाक्य येतं ते सरांना उद्देशून, "किती झाले?" सर सांगतात, "सव्वीस." काकू उभ्याउभ्याच वहीत लिहितात.

सेकंदाला १.२ मीटर हा आकडा धडधाकट माणसाचा आहे. काकूंच्या वयाची, काठी घेणारी, पाय ओढत चालणारी माणसं या शहरात थोडीथोडकी नाहीत. पेठांमध्ये तर घरटी एक तरी सापडेल. त्यांनी घराबाहेर पडायचं की नाही, हे त्या दहा-अकरा सेकंदांवर ठरतं.

पेठेतल्या एका रस्त्यावर खरी मोजणी सुरू होते. गणपती तोंडावर आलेत. मांडवाचे वासे, बांबू आणि पत्रे कडेला रचून ठेवलेत, दोन तरुण सुतळी बांधताहेत. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आम्हाला एव्हाना पाठ झालंय. चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावर २.२ मीटर मोकळं आणि कडेच्या दगडाची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नाही. पहिल्याच ठिकाणी मुलगी खाली बसून कर्ब मोजते. चोवीस. पुढे सव्वीस. रस्त्यावर डांबराचा थर चढतो, मग पदपथही उचलला जातो, आणि पायरी उंच उंच होत जाते. काकूंना आधी काठी वर टेकावी लागते, मग एक पाय, मग कुणाचा तरी हात. दादा पदपथाकडे बघतसुद्धा नाही, तो रस्त्यातूनच चालला आहे.

"दादा, जरा वर या ना, रुंदी बघायची आहे," मुलगी म्हणते. मग मी आणि मांडवाचा एक पोरगा खुर्ची उचलून वर ठेवतो. ब्लॉक अगदी नवे आहेत, रंगही उडालेला नाही. मधोमध पिवळ्या रेघांच्या फरशा आहेत, अंधांना काठीने वाट कळावी म्हणून बसवलेल्या. दादा त्या पिवळ्या रेघेवरून वीस-पंचवीस फूट जातो आणि थांबतो. रेघ सरळ जाऊन विजेच्या लोखंडी पेटीला भिडलेली आहे. सर पेटी आणि भिंत यांच्यामध्ये टेप धरतात. बासष्ट सेंटिमीटर. खुर्चीची रुंदी पासष्ट. दादा तरीही पुढे होऊन बघतो. डाव्या चाकाची कड पेटीला घासते, उजवी कोपराशी भिंतीला. तीन सेंटिमीटर. तो मान वळवून आमच्याकडे बघतो आणि म्हणतो, "फोटो काढा, माझ्यासकट काढा." मुलगी फोटो काढते. मग तसाच मागे मागे, दगडाच्या कडेपर्यंत. आम्ही त्याला पुन्हा खाली उतरवतो आणि मागून आलेली बस भोंगा वाजवते.

ही तीन सेंटिमीटर मला सोडत नाहीत. इथे पैसा खर्च झालेला दिसतो. ब्लॉक आहेत, पिवळ्या फरशा आहेत, कडेला रंग आहे. पण रस्ता एकाचा, पेटी दुसऱ्याची, सिग्नल तिसऱ्याचा, झाड चौथ्याचं, आणि या सगळ्यांतून सलग चालत जाणारा माणूस कुणाच्याच खात्यात बसत नाही. पदपथाची लांबी किलोमीटरमध्ये मोजतात. माझ्या मते तो त्याच्या सगळ्यात अरुंद जागी मोजायला हवा. साखळी जिथे तुटते तिथवरच ती साखळी.

आमचा घोळका बघून एक दुकानदार बाहेर येतो. "काय, पार्किंग काढताय काय?" आवाज चढलेला आहे. सर टेप गुंडाळून त्याच्याशी बोलायला थांबतात. त्याचं म्हणणं सरळ आहे, गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही. सर त्याला विचारतात, "सकाळपासून जे आले त्यातले गाडीवरून किती, पायी किती?" तो जरा विचार करतो. "पायी जास्त. इथलेच लोक आमचे." मग तोच सांगतो की त्याच्या आईला समोरच्या देवळात जायचं तर रोज कुणीतरी बरोबर जावं लागतं. पार्किंगबद्दल त्याचं मत बदललेलं नाही, तसा दावा मी करणार नाही. पण काकू वही पुढे करतात आणि तो झेब्रा पट्ट्यांच्या मागणीखाली सही करतो.

कोपऱ्यावर फुलवाली बसली आहे. हिला उठवा, असं कुणी म्हणालं की आमच्यात वाद होतो, आजही होतो. मला ते पटत नाही. तिची टोपली दीड-दोन फूट जागा घेते आणि तिच्यामुळे या कोपऱ्यावर रात्री नऊपर्यंत जाग असते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ पासून केंद्राचा कायदा आहे. जागा आखून द्यावी, चालण्याची पट्टी मोकळी राहावी आणि तिचं पोटही चालावं. मावशींना विचारलं तर त्या सांगतात, त्या स्वतः रोज नदीपलीकडून चालत येतात. म्हणजे पदपथाची गरज आमच्याइतकीच त्यांना आहे.

वर्तमानपत्रं टाकून परतणारा एक पोरगा सायकलवरून येतो, आम्हाला बघून एक पाय टेकतो. सायकलींचं शहर ही पुण्याची जुनी ओळख. खडकी-दापोडीच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ते सायकलींनी भरून जायचे, हे आमच्या आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट बीआरटीबरोबर सायकल मार्ग आले. २०१७ च्या अखेरीस मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं त्यात आखलेलं आहे. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही रस्त्यावर आल्या, औंधला, विद्यापीठात, आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. आराखडा मात्र कागदावर शाबूत आहे. तो नीट केलेला आहे, आणि त्यामागे कष्ट घेतलेल्या माणसांबद्दल मला आदर आहे. या पोराला मी विचारतो, सायकलच्या मार्गावरून जातोस का? तो म्हणतो, "मधेच संपतो ना तो. मग गाड्यांत घुसायला लागतं. त्यापेक्षा पहिल्यापासून रस्त्यानेच बरं." तोही सलगपणाबद्दलच बोलतोय.

पुढे लक्ष्मी रस्ता लागतो. दुकानं अजून उघडायची आहेत. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पहिल्यांदा पादचारी दिन पाळला आणि याच रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला. तेव्हापासून डिसेंबरातला तो दिवस इथल्या माणसांना माहीत झालाय. काकू तेव्हा भाच्यासोबत आल्या होत्या, रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या, हे त्या आजही पुन्हा सांगतात. विसर्जनाच्या दिवशी तर हा रस्ता कायमच पायी माणसांचा असतो आणि त्यामुळे शहराचं काही अडत नाही. एका दिवसासाठी जे जमतं त्याला उरलेल्या दिवसांसाठी पैसा आणि माणसं लागतात.

म्हणून आता चहा आणि फॉर्म. अमृततुल्यात कोपऱ्यातलं टेबल मिळतं. दादाची खुर्ची पायरीमुळे आत येत नाही, तेव्हा आम्हीच बाकडं बाहेर ओढतो. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी फॉर्म भरून कामं सुचवायची सोय पुण्यात २००६ पासून आहे. पदपथ, दिवे, बसथांबे, सायकल मार्ग अशी प्रभागातली छोटी कामं, एका कामाला पाच लाखांपर्यंत. उड्डाणपुलाच्या मानाने ही रक्कम काहीच नाही. पण कर्ब कापून उतार करायला, बोलार्ड बसवायला, पट्टे रंगवायला ती पुरते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने पदपथ वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. ते पदपथ अपंगांनाही वापरता यायला हवेत, हेही सांगितलं. मुलीने त्या आदेशाची प्रत आणली आहे, ती प्रत्येक फॉर्मला जोडायची.

पहिला फॉर्म कशाचा, यावर टेबलावर जुंपते. सरांना आधी सिग्नलची वेळ वाढवून हवी, त्याला पैसा लागत नाही, पत्र पुरे. दादा म्हणतो, पेटी. काकू म्हणतात, उतार, कारण पेटी हलेपर्यंत वर्ष जाईल आणि उतार महिन्यात होतो. "उतार करून दादा वर चढेल आणि पेटीशीच अडकेल ना?" मुलगी विचारते. दादा हसतो, "मग दोन्ही एकाच फॉर्मवर लिहा. एकाच कामाचे दोन भाग." सर कागदावर आकडे मांडायला घेतात, किती मीटर कर्ब, किती ब्लॉक, केबल किती फूट लांबवावी लागेल. बेरीज पाच लाखांच्या आत बसते. कामाच्या नावापुढे काकू ठळक अक्षरांत लिहितात, "पदपथ सलग करणे." खाली मोजमापं येतात, बासष्ट, चोवीस, सव्वीस, आणि दादाचा फोटो.

फॉर्म मंगळवारी क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे. मुदत जवळ आली आहे आणि सुट्ट्या आहेत. मी आणि मुलगी जाणार. सर दोनदा बजावतात, झेरॉक्सवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका, आणि पुढच्या महिन्यात तोच क्रमांक घेऊन विद्युत विभागात जायचं आहे.