वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली. ऑफिसला कधी जायचं?

कोथरूडहून हिंजवडीला रोज दुचाकीने जाणाऱ्याने बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेसाठी रजा किती टाकावी? दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि काम बैठं असेल, तर साधारण 2 आठवड्यांत परतता येतं. ओझी उचलायची असतील, तर 4 ते 6 आठवडे थांबावं लागतं. नेमकी तारीख सर्जनच ठरवतात.

खरी अडचण डब्याची. सुरुवातीला पातळ, मग मऊ आहार. दहा मिनिटांत डबा संपवायची सवय सोडावीच लागते. जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाने, तेही घोट घोट. त्यात ‘एवढंसंच खातोस?’ हा आग्रह. वाढदिवसाचा केक भिडेखातर खाल्ला, तर विशेषतः बायपास झालेल्यांना घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. टीममधल्या एकाला तरी आधी सांगून ठेवलेलं बरं.

विम्याचं आधीच पाहा. प्रमाणित अटींनुसार बीएमआय 40 किंवा अधिक, अथवा 35 सोबत अनियंत्रित टाइप-2 मधुमेह, तीव्र स्लीप अॅप्नियासारखा आजार लागतो.

कामावर असताना ताप आला, पोट खूप दुखलं, नाडी जोरात चालली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर शिफ्ट संपायची वाट पाहू नका. लगेच सर्जनना फोन करा.