पेशींचे मूलभूत प्रकार

केंद्रकाच्या रचनेवरून सजीवांच्या पेशींचे आदिकेंद्रकी व दृश्यकेंद्रकी असे दोन मूलभूत प्रकार मानले जातात. जीवाणू आणि आर्किया यांच्या पेशी आदिकेंद्रकी असून अमीबासारखे आदिजीव, कवके, वनस्पती व प्राणी यांच्या पेशी दृश्यकेंद्रकी असतात. विषाणूंना पेशीरचनाच नसल्यामुळे ते या वर्गीकरणात येत नाहीत. हा भेद फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शातों यांनी १९२५ मध्ये मांडला.

आदिकेंद्रकी पेशीतील डीएनए बहुधा एकाच वर्तुळाकार गुणसूत्राच्या रूपात, पटलाविना, पेशीद्रव्यात असतो. या पेशींत तंतुकणिका व हरितलवके नसतात. त्यांचा आकार सामान्यतः १ ते १० मायक्रोमीटर, तर दृश्यकेंद्रकी पेशींचा १० ते १०० मायक्रोमीटर असतो. याला ठळक अपवाद आहेत. कॅरिबियन भागातील खारफुटीत सापडलेला, २०२२ मध्ये वर्णिलेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू सुमारे १ सेंटिमीटर लांब असून त्याचा डीएनए पटलवेष्टित पुटिकांत असतो. उलटपक्षी, मानवाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते. तरीही ती दृश्यकेंद्रकीच गणली जाते, कारण ती केंद्रकयुक्त पेशीपासूनच बनते.

वैद्यकशास्त्रात या भेदाला विशेष महत्त्व आहे. जीवाणूंची पेशीभित्तिका पेप्टिडोग्लायकॅनची असते. पेनिसिलिन तिच्या बांधणीत अडथळा आणते. मानवी पेशीला भित्तिकाच नसल्याने तिच्यावर हा परिणाम होत नाही. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूंच्या ७०एस रायबोसोमवर क्रिया करते. मानवी पेशीद्रव्यातील रायबोसोम ८०एस प्रकारचे असतात. (७०एस रायबोसोमचे घटक ५०एस व ३०एस असतात. ‘एस’ हे अवसादनाच्या वेगाचे एकक असल्याने त्यांची बेरीज जुळत नाही.)

तथापि हे संरक्षण पूर्ण नाही. तंतुकणिका या प्राचीन काळी दुसऱ्या पेशीत सामावलेल्या जीवाणूंपासून उत्पन्न झाल्या, हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये पुरस्कारलेले मत आज सर्वमान्य आहे. त्यांचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात. म्हणूनच तंतुकणिकांच्या डीएनएमध्ये विशिष्ट बदल असलेल्या व्यक्तींना स्ट्रेप्टोमायसिनमुळे बहिरेपणा येण्याचा धोका अधिक असतो.

आर्किया दिसण्यात जीवाणूंसारखे असले, तरी त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकॅन नसते. रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून कार्ल वोस व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये त्यांचा वेगळा गट मानला. त्यामुळे ‘आदिकेंद्रकी’ ही संज्ञा रचना सांगते, नाते नव्हे.

कवके दृश्यकेंद्रकी असल्याने त्यांच्यावरील औषधांना लक्ष्ये थोडीच मिळतात. अँफोटेरिसिन बी त्यांच्या पटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटते. पण मानवी पटलातील कोलेस्टेरॉल रचनेने त्याच्या जवळचे असल्यामुळे या औषधाने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.